येळवशीचं पातळ

गौराबाईनं मनाशी ठरवून टाकलं होतं, आणि ठरवलेलं कुणाला सांगायचं नाही हेही ठरवलं होतं. यंदाच्या येळवशीला वहिनीनं आपल्या हातात पातळ ठेवलं, की गुमान न्यायला येणाऱ्या लेकाच्या, नागनाथच्या, जीपमध्ये जाऊन बसायचं. रडायचं नाही, रुसायचं नाही, भावाकडं वळूनसुद्धा बघायचं नाही. साठीला टेकलेल्या, जन्मभर शाळेत मास्तरकी केलेल्या बाईनं एका पातळावर एवढं लावून बसावं का, असं कुणी विचारलं असतं तर ती स्वतःच हसली असती. पण विचारणार कोण? कुणाला पत्ताच नव्हता.

आता पातळाचं म्हणाल तर त्या घराची रीतच तशी होती. मार्गशीर्षातल्या अवसेला, म्हणजे येळवशीला, घरच्या साऱ्या लेकी माहेरच्या शेतात जेवायला यायच्या. कडब्याच्या पेंढ्यांची कोप घालायची, कोपीत पाच धोंड्यांचे पांडव मांडायचे, त्यांना आंबिलीचा आणि शेंगाभाज्यांना बेसन लावून केलेल्या भज्जीचा निवद दाखवायचा आणि सगळ्या गोतावळ्यानं रानातच हात ओले करायचे. दिवस मावळतीला लागला की घरची कारभारीण कापडाची पिशवी सोडायची आणि निघणाऱ्या प्रत्येक लेकीच्या हातावर पातळ ठेवायची. पातळ घेतलं, पाया पडलं, की लेक वाटेला लागली. म्हणजे मान खरा, पण निरोपाचा मान. गौराबाईनं लग्न झाल्यापासून अशी कितीतरी पातळं घेतली होती आणि हौसेनं नेसली होती.

घशात अडकलं ते मागच्या सालचं.

नवरा गेला, परभणीच्या शाळेतली नोकरी संपली, मग औरंगाबादला लेकाच्या घरी वर्षभर राहून झालं. नागनाथ गुणाचा, सून सत्यशीला त्याहून गुणाची. तिसऱ्या मजल्यावर स्वतंत्र खोली, खोलीत पंखा, रविवारी सकाळी टीव्हीपुढं सगळी बिल्डिंग. कुठं म्हणून बोट ठेवायला जागा नाही. आणि तरी दुपारी घर रिकामं झालं की गौराबाई गॅलरीत उभी राहून खालच्या रस्त्याकडं बघत बसायची आणि तिला वाटायचं, आपल्याला कुणीतरी फडताळात जपून ठेवलंय. मग चार दिवसांसाठी म्हणून ती पालमच्या गाडीत बसली, पुढं गावापर्यंत बैलगाडी मिळाली, आणि चार दिवसांचे चार महिने कधी झाले ते तिचं तिलाही कळलं नाही. ज्या घरात जन्मली, त्याच्याच ओसरीवर बाज टाकून निजायला लागली. पहाटे गोठ्यातली घंटा वाजली की जाग यायची. काळ्या रानात अनवाणी चालताना टाचा भेगाळल्या, तर तिला त्याचंही कौतुक.

आणि मग मागची येळवस आली. थोरली बहीण कमलबाई पिंगळीहून आलेली, भावाची लेक मनकर्णा पोखर्णीच्या सासरहून आलेली. संध्याकाळी वहिनीनं पिशवीतून तीन पातळं काढली. दोघींना दोन, आणि तिसरं हिरव्या काठाचं, चांगलं भारीतलं, गौराबाईला. कमलबाई गेली, मनकर्णा गेली. गौराबाई मात्र पातळ घेऊन ज्या घराचा निरोप मिळाला त्याच घरी परत चालत आली. त्या रात्री तिनं ते ट्रंकेच्या तळाशी ठेवलं. वहिनी काही वाईट बोलली नव्हती, काही वाईट वागली नव्हती. पाहुणी म्हणून मानानं वागवलं होतं, एवढंच. तेवढंच तिला लागलं.

वहिनी म्हणजे चन्नबसम्मा. अख्ख्या गावात तिच्याइतकं कमी बोलणारी बाई नव्हती. घर, गोठा, शेतातली बायामाणसं, सगळं तिच्या नजरेवर चालायचं. लिंगराज, म्हणजे गौराबाईचा भाऊ, तिचा अण्णा, नावाला कर्ता. अण्णाला विचारलं की तो म्हणायचा, बघू. बघू म्हणजे चन्नबसम्माला विचारून सांगतो, हे गावातल्या बैलांनासुद्धा माहीत होतं. तेव्हा गौराबाईनं राहायचं की जायचं हे अण्णाच्या मायेवर नव्हतंच. ते त्या कापडाच्या पिशवीवर होतं.

वर्षभर तिनं काय काय केलं नाही? परसात वालाचा वेल लावला, मांडव घातला, बादलीबादलीनं पाणी घातलं. वेल असा माजला की शेजारणीसुद्धा शेंगा न्यायच्या. कालच्या दुपारी तिनं त्याच वालाच्या शेंगा टोपलीभर तोडून भज्जीसाठी वहिनीपुढं ठेवल्या. चन्नबसम्मानं टोपली उचलली, शेंगा सोलायला घेतल्या, आणि बेसन चाळायला सांगितलं. बरं नाही, वाईट नाही. आता यातून कुणी काय समजायचं?

येळवशीच्या सकाळी कमलबाई आणि मनकर्णा आल्या आणि बायका टोपली घेऊन रानात निघाल्या. आंबिलीची घागर नेहमीप्रमाणं चन्नबसम्माच्या डोक्यावर. ती घागर घरची बाईच नेते, लेकींनी तिला हात लावायचा नाही. गौराबाई मागून बाजरीच्या उकडलेल्या उंड्यांचं पातेलं घेऊन चालली. दोन्ही बाजूंनी ज्वारी डोक्याच्या वर गेलेली, पलीकडं करडई, आणि बांधाच्या खाली उताराला हरभरा, घाट्यांनी गच्च भरलेला. तो हरभरा बघून तिला इतकं बरं वाटलं की जीपचा आवाज तिला आधी ऐकूच आला नाही.

नागनाथ आला होता. भाड्याची जीप घेऊन, ड्रायव्हरशिवाय, स्वतः चालवत. त्यानं ती बांधावर उताराच्या तोंडाशी लावली, मामाच्या पाया पडला, मामीच्या पडला, मावशीला पेढ्यांचा पुडा दिला. मग आईजवळ येऊन हळूच म्हणाला की सत्यशीलानं खोली नव्यानं रंगवून घेतलीय. गौराबाईनं त्याच्या केसांतलं कुसळ काढलं. लेक वाळला होता थोडा. तिला त्याची माया आली.

पाणी पिऊन झालं आणि नागनाथनं विषय काढलाच. कोपीबाहेर घोंगडीवर सगळे बसलेले. तो म्हणाला, लोक मला विचारतात, आईला गावी का टाकलंय. मी काय सांगू? आजारी पडली तर पालमला न्यायचं म्हटलं तरी बैलगाडी जुंपावी लागते. कमलबाईनं लगेच त्याची बाजू घेतली. तिचं म्हणणं असं, की म्हातारपणी बाईची जागा लेकाच्या दारात. ती स्वतः माहेरी आठ दिवसांच्या वर कधी राहिली नव्हती आणि त्याचा तिला जन्मभर अभिमान. मनकर्णा आत्याच्या बाजूनं काही बोलायला गेली, तर कमलबाईनं तिला एका नजरेत गप्प केलं.

मग नागनाथ मामाकडं वळला. "मामा, तुमीच सांगा आईला. तुमचा शब्द ती मोडायची न्हाई."

लिंगराजनं बहिणीकडं बघितलं, मग कोपीच्या आडोशाला चूल पेटवत बसलेल्या बायकोच्या पाठीकडं बघितलं. "बघू," तो म्हणाला. "आधी पूजा होऊ दे."

बघू. गौराबाईला हसूही आलं आणि रडूही आलं. चन्नबसम्माची पाठ जराही हलली नाही. धुरामुळं तिनं फक्त पदर डोळ्यांना लावला.

पूजेला बसायचं म्हणून लिंगराज चुन्याची वाटी घेऊन लिंबाखाली गेला आणि तिथंच थबकला. पांडवांचे धोंडे त्यानं आदल्या दिवशी मातीतून उकरून, धुऊन तिथं वाळायला ठेवले होते. चुना लावला की ते पांडव, तोवर बघणाऱ्याला नुसते धोंडे. पाचाच्या जागी चार होते. आणि नव्हता तो भीम, सगळ्यांत मोठा.

मोठीच पळापळ झाली. कुणी लिंबामागं बघतंय, कुणी ज्वारीत बघतंय. हे धोंडे लिंगराजच्या आजोबांनी याच रानातून वेचलेले, भावकी फुटली, रानं वाटली गेली, पण पांडव इथंच राहिले. लिंगराजचा चेहरा काळवंडला. तो शांत माणूस, पण शांत माणसाचा राग कसा असतो ते घरच्यांना माहीत होतं. गौराबाईनं मात्र शोधाशोध केलीच नाही. शाळेत खडू हरवला की पोरांच्या तोंडाकडं बघायची तिची सवय. तिनं लेकाच्या तोंडाकडं बघितलं, आणि तो जीपकडं बघत होता.

"नागा," ती म्हणाली, "चाकाला काय लावलंस रे?"

नागनाथ गोरामोरा झाला. ब्रेक ढिला होता, उतार होता, लिंबाखाली चांगला गोल धोंडा दिसला. तो लहानपणी येळवशीला यायचा खरा, पण त्यानं पांडव पाहिले ते पांढरे, कुंकू लावलेले, हार घातलेले. उघडे कधी पाहिलेच नव्हते.

आता लिंगराज काही बोलायच्या आत, कमलबाईनं कपाळाला हात लावायच्या आत, गौराबाई पातळ खोचून तरातरा जीपकडं गेलीसुद्धा. लहानपणी याच भीमावरून तिची आणि अण्णाची दरसाल भांडणं व्हायची, की कुणी उचलून न्यायचा. तिला कशाचंच भान राहिलं नाही. चाकाखाली भीम बघून तिचा संताप संताप झाला. आपल्या भीमाला चाकाखाली घालतं का कुणी? ती खाली बसली, दोन्ही हातांनी धोंडा धरला आणि सगळा जीव लावून ओढला.

भीम निघाला. जीपही निघाली.

आधी हळू, मग जरा घाईनं, मग थेट बांध उतरून हरभऱ्यात. नागनाथ ओरडत मागं धावला, पण भिजवलेल्या काळ्या रानानं जीप थांबवायचं काम त्याच्या आधीच केलं. मधोमध जाऊन तिची पुढची चाकं रुतली आणि ती तिथंच बसली. मागं हरभऱ्यातून दोन रुंद पट्टे आडवे झालेले. गौराबाई बांधावर भीमाला छातीशी धरून उभी होती, कोपरापर्यंत मातीनं माखलेली.

मग चन्नबसम्मा कोपीतून बाहेर आली. तिनं जीप बघितली, हरभरा बघितला, नणंद बघितली. आणि ती बोलायला लागली. अहो, बोलायला लागली म्हणजे काय, वर्षाचं एकदम. डोळे काय कपाळावर ठेवलेत का. उताराची गाडी म्हणून कळू नये का. मास्तरीण झालेल्या बाईला एवढी अक्कल असू नये का. हा हरभरा पेरताना कंबर मोडली माझी, पाणी द्यायला रात्री जागल्यात माणसं, आणि ह्यांनी पाच मिनिटांत नांगर फिरवला. तो धोंडा काय पळून चालला होता? दुसरा दगड लावून मग काढायचा होता की न्हाई?

पाहुण्यांसमोर, लेकासमोर, थोरल्या बहिणीसमोर ती गौराबाईला अशी बोलली. कमलबाई तर तोंडाला पदर लावून उभीच राहिली. नागनाथचे कान लाल झाले. तो पुढं झाला आणि म्हणाला, "मामी, बस करा. चूक माझी हाय. आईला बोलू नका." चन्नबसम्मानं त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही. ती कोपीत निघून गेली.

गौराबाईनं भीम धुतला, चुना लावला, त्याच्या ठरल्या जागी, धर्माच्या शेजारी, नीट मांडला. हात चालत होते, पण मन थंडगार पडलं होतं. संपलं, तिला वाटलं. मागच्या साली निदान मानानं निरोप दिला होता. यंदा शिव्या देऊन देणार. आणि शिव्या देणाऱ्या बाईचं काही चुकलंही नव्हतं, हरभरा खरंच बघवत नव्हता.

पूजा झाली. लिंगराजनं आंबील शिंपडत रानाला फेरी मारली, नेहमीची आरोळी ठोकली, शेजारच्या रानांतून तशाच आरोळ्या आल्या. पंगत बसली. मागच्या साली गौराबाईला पहिल्या पंगतीला घोंगडीवर बसवून वाढलं होतं. यंदा पहिल्या पंगतीला पानं मांडली ती नागनाथची, कमलबाईची, मनकर्णाची. गौराबाईला कुणी बस म्हटलं नाही. तिच्या हातात चन्नबसम्मानं भज्जीचं पातेलं दिलं आणि भुवईनंच सांगितलं, वाढा. ती वाढत राहिली. बाजरीची रोटी, भज्जी, खीर, वर आंबिलीचे पेले. नागनाथ खाली मान घालून जेवत होता, पण दोनदा भज्जी मागून घेतली. वाल लय गोड लागायलेत म्हणाला. मावशीनं विचारलं, कुठले गं? गौराबाई म्हणाली, परसातले. शेवटी ती आणि चन्नबसम्मा दोघीच उरल्या, कोपीच्या सावलीत, खरवडलेल्या पातेल्यातून जेवल्या. भज्जी खरंच छान झाली होती, आणि गौराबाईला वाटलं, जायचं तर जायचं, पण हे जेवण आठवत राहील.

दुपारभर जीप काढायचं चाललं होतं. लिंगराजनं बैल जुंपले, चाकांखाली कडबा टाकला, नागनाथनं पँट गुडघ्यापर्यंत वर केली आणि शेजारच्या रानातले चार गडी आले. जीप बांधावर आली तेव्हा नागनाथ कानापर्यंत चिखलानं भरला होता, आणि मामाभाच्यांनी एकमेकांकडं बघितलं. लिंगराज आधी हसला. मग इतका हसला की त्याला बांधावर बसावं लागलं. "भीमानं धरली होती तवर नीट होती," तो म्हणाला, आणि नागनाथलाही हसू आवरेना.

ऊन तिरपं झालं. कमलबाईला जीपमधून पिंगळीला सोडायचं ठरलं, मनकर्णाला वाटेत पोखर्णीला. कमलबाईनं बहिणीला बाजूला घेतलं. आज ऐकलंस ना, म्हणाली, चारचौघांत कशी बोलली ती. आता कुठल्या तोंडानं राहणार हाईस? नागा आलाय तर चल त्याच्यासंगं, ट्रंक मागनं येईल. गौराबाईनं मान हलवली. तिनं डोक्यावरचा पदर नीट केला आणि चन्नबसम्माकडं बघितलं. कापडाची पिशवी आली होती.

चन्नबसम्मानं पिशवीची गाठ सोडली. मनकर्णाला जांभळं पातळ दिलं, तिचं तोंड कुरवाळलं. कमलबाईला चॉकलेटी, बारीक बुट्ट्यांचं. दोघी पांडवांच्या पाया पडल्या. गौराबाईचे हात नकळत पुढं व्हायला लागले होते, आणि तेवढ्यात चन्नबसम्मानं पिशवी झटकली, तिची घडी घातली आणि कमरेला खोचली.

कमलबाई थांबली. तिला बहिणीचा राग होता की कीव, कोण जाणे, पण अपमान काही तिला बघवेना. "आन् गौराचं?" ती म्हणाली. "एका हरभऱ्यासाठी लेकीचं पातळ मोडायलीस का, चन्नबसू?"

चन्नबसम्मा तिच्याकडं बघतच राहिली. हे काय विचारायलीय, असा तिचा चेहरा.

"तिला कशाला?" ती म्हणाली. "ती कुठं जायलीय?"

गौराबाई जागच्या जागी उभी राहिली. कानात एकदम वारा भरल्यासारखं झालं. सकाळपासूनचं सगळं, ती बोलणी, ते भज्जीचं पातेलं, ती शेवटची पंगत, सगळं तिच्यासमोर उलटं झालं आणि सरळ दिसायला लागलं. पाहुणीला कुणी तसं बोलतं का? पाहुणीला कुणी शेवटी जेवायला बसवतं का? तिला रडू आलं, आणि ठरवलेलं असूनही तिनं ते आवरलं नाही.

नागनाथ आईच्या तोंडाकडं बघत होता. इतका वेळ तो मामीवर फुगलेला होता, पण तोही तिचाच लेक, तोंडाकडं बघून ओळखणारा. तो जवळ आला. "आई," म्हणाला, "तुझी ट्रंक..."

"ट्रंक ऱ्हाऊ दे," गौराबाई म्हणाली. "सत्यशीलाला सांग, खोली छान रंगवलीस, मी संक्रांतीनंतर येते बघायला, आठ दिवस. आन् उन्हाळ्यात तुमी सगळी हिकडं या. तुझं आजोळ हाय हे, आजोळी आई असल्यावर अजून काय पायजे तुला?"

नागनाथनं जीपमधून एक पिशवी काढली. आईची ब्लडप्रेशरची औषधं, दोन महिन्यांची, ती नाहीच आली तर असावीत म्हणून आणलेली. ती त्यानं आईच्या नव्हे, मामीच्या हातात दिली आणि सकाळी कोणती, रात्री कोणती ते सांगितलं. चन्नबसम्मानं ते दोनदा म्हणवून घेतलं. कमलबाई जीपमध्ये चढता चढता पुटपुटली की पुढच्या येळवशीला आपणही दोन दिवस जास्त राहणार आहोत, आणि सगळ्यांनी ते ऐकलंच नाही असं दाखवलं.

जीप धुरळा उडवत गेली. लिंगराज बैल घेऊन पुढं झाला. चन्नबसम्मा कोपीतून आंबिलीची रिकामी घागर घेऊन आली आणि आपल्या डोक्यावर घ्यायच्याऐवजी तिनं ती गौराबाईसमोर धरली. माझी मान दुखायलीय, एवढंच म्हणाली. गौराबाईनं चुंबळ केली आणि घागर डोक्यावर घेतली.

दोघी बांधावरून निघाल्या. आडव्या झालेल्या हरभऱ्यापाशी चन्नबसम्मा थांबली, एक मोडलेला डहाळा उचलून तिनं घाटे दाबून बघितले.

"उद्या सकाळी येऊन हे सगळं खुडायचं," ती म्हणाली. "ओल्या दाण्यांचा सोलाणा तरी होईल. तुमी मोडलाय, तुमीच खुडा. आन् जुनं पातळ नेसून या. मागच्या सालचं ट्रंकेत कुजायलंय ते, हिरव्या काठाचं."

गौराबाईनं घागर सावरली. "येते," ती म्हणाली, आणि वहिनीच्या मागोमाग घराकडं चालायला लागली.